गाठोड्यातली कसोटी

सोन्याची पारख करायची म्हणजे दगड सराफाचा, नजर सराफाची आणि सोनेही सराफाचेच; गिऱ्हाइकाने नुसती मान डोलवायची. उद्या एखाद्या सराफाने दागिन्याच्या डबीत कसोटीचा दगडही घालून दिला आणि म्हटले, "घरी नेऊन घासून पाहा, कसाला उतरला नाही तर अंगावर घालू नका," तर आपण त्याला वेड्यात काढू. संगणकाच्या जगात मात्र असे सराफ आहेत, आणि त्यातले पुष्कळसे माल फुकट वाटतात!

डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या लॅरी वॉल या गृहस्थांनी 'पर्ल' नावाची, प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा लोकांना वाटली. हे मूळचे भाषाशास्त्राचे विद्यार्थी. लिपी नसलेली एखादी भाषा गाठून तिला लिपी द्यावी, असा या पतिपत्नींचा बेत होता. प्रकृतीच्या कारणाने तो राहून गेला. (मराठीच्या मास्तराला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे.) त्यांनी भाषेच्या गाठोड्यातच तिच्या चाचण्याही बांधून दिल्या.

चाचण्यांचे बोलणे तरी किती साधे! एकंदर किती चाचण्या होणार तो आकडा आधी सांगायचा. मग ओळीने 'ओके १', 'ओके २'. बिघडले तिथे 'नॉट ओके ३'. आकडा आधी सांगण्यात मोठी मेख आहे. दहा चाचण्या कबूल करून प्रोग्रॅम चौथ्यावरच गतप्राण झाला, तर पुढच्या शांततेला कोणी यश समजू नये. आणि साधेपणा अशासाठी की, कसोटीचा दगडच परक्या यंत्रावर फुटला तर खोट दगडात की सोन्यात, हे सांगणार कोण?

संगणक सगळे सारखेच, मग परके यंत्र ते कसले, असे कोणी विचारील. बहुतेक संगणक इंग्रजी मोठे 'ए' हे अक्षर ६५ या आकड्याने ओळखतात. आयबीएमच्या ज्या अवजड यंत्रांवर बँकांचे हिशेब चालतात, तिथे त्याच अक्षराचा आकडा १९३! त्याहून गंमत म्हणजे तिथे लहान लिपीतले 'आय' १३७ वर, तर शेजारचे 'जे' एकदम १४५ वर. मधली सात घरे परक्यांची. एक मिळवले की पुढचे अक्षर येते, अशा भरवशावर लिहिलेला प्रोग्रॅम लेखकाच्या घरी गुणी आणि तिथे गेला की ठार वेडा. जुन्या मराठी फाँटात टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दुखणे नवे नाही.

म्हणून चाचणी लेखकाच्या घरी होऊन भागत नाही; माल जिथे उतरतो तिथे ती व्हावी लागते. पर्लच्या प्रोग्रॅमांचे 'सीपॅन' हे सार्वजनिक कोठार १९९५ साली सुरू झाले. तिथून गाठोडे आणले की एरवी आधी चाचण्या चालतात, आणि त्या नापास झाल्या तर गाठोडे बसवायचेच नाकारले जाते. १९९८ पासून तर घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी मंडळी आपापल्या चित्रविचित्र यंत्रांवर परक्यांची गाठोडी तपासून मूळ लेखकाला निकाल कळवू लागली. मात्र चाचणीची हत्यारेच वेगळी मागवावी लागली, तर ती कशाने तपासायची? म्हणून २००२ च्या ५.८ या आवृत्तीत 'टेस्ट मोअर' हे हत्यार भाषेबरोबरच देण्यात आले.

आता याच डबीतल्या दगडाची काळी बाजू. लिनक्सच्या संगणकांवर फायली दाबून लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे साधन सर्रास वापरतात. ओळख आजवर न पटलेल्या कोणी एकाने दोनेक वर्षे इमानेइतबारे काम करून त्याच्या कारभारात हात शिरकवला आणि २०२४ च्या आरंभी त्यात चोरदरवाजा बसवला. लपवला कुठे? चाचण्यांच्या फायलींत! चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फायली ठेवतातच. त्यांत कोण डोकावतो? हा दरवाजा उघडणारी किल्ली तर सार्वजनिक मांडलेल्या मूळ लिखाणात नव्हतीच, फक्त बांधून पाठवलेल्या गाठोड्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी बोभाटा केला. तोवर माल डेबियन, फेडोरा यांच्या प्रयोगावस्थेतल्या आवृत्त्यांपर्यंत पोचला होता. आणखी काही महिने गेले असते तर जगभरच्या यंत्रांची दारे परक्याच्या हाती होती.

गाठोडी नकोतच, मूळ लिखाणावरून ज्याने त्याने प्रोग्रॅम बांधावा, असे तेव्हापासून काहीजण म्हणतात. मला हे निम्मेच पटते. चाचण्या हव्यातच, पण प्रोग्रॅम बांधताना त्यांची पेटी बंद असावी, आणि बांधून झाल्यावर ती वेगळ्या खोलीत उघडावी. मे २०२४ मध्ये मूळ लेखक लासे कॉलिन यांनी ५.६.२ ही स्वच्छ केलेली आवृत्ती काढली. तिच्या गाठोड्यातही चाचण्या आहेत.