एका नळीपुरतं काडतूस

शंभर यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. तेवढ्या अंतरावरून पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही एकाच भोकातून जायला हव्यात. 1973 साली अमेरिकेत मॅक मॅकमिलन यांनी हे इतकं नेमकं साधलं की पाच भोकांच्या मध्यबिंदूंमधलं सर्वांत मोठं अंतर 0.009 इंच भरलं. पाव मिलिमीटरसुद्धा नाही. हा विक्रम चाळीस वर्षं टिकला. 2013 मध्ये माइक स्टिनेट यांनी तो 0.0077 इंचांवर आणला. अशा वेळी कागदावर दिसतं एकच भोक, गोळीच्या जाडीएवढं. मग गोळ्या खरंच पाच लागल्या, की एक लागली आणि चार भलतीकडे गेल्या? या शंकेवरचा उपाय मला फार आवडतो. बेंचरेस्ट नावाच्या या स्पर्धांत निशाणाच्या मागे आणखी एक कागद सावकाश सरकत असतो. पुढच्या कागदावर भोक एक, मागच्यावर पाच.

या स्पर्धांत उतरणारे लोक दुकानातली काडतुसं वापरत नाहीत. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते टेबलावर बसतात आणि त्याच मूठभर पुंगळ्या छोट्या हातप्रेसवर पुन्हा भरतात. जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, काढायचा, पुंगळी मापात आणायची, नवा प्रायमर, दारू, वर गोळी. अमेरिकेत हा लाखो लोकांचा घरगुती छंद आहे. गॅरेजमध्ये बसलेला माणूस कोट्यवधींच्या यंत्रांची बरोबरी कशी काय करतो?

तयार कपडे आणि शिंप्याकडचे कपडे यांत जो फरक, तोच इथे आहे. कारखान्याचं काडतूस त्या मापाच्या प्रत्येक रायफलीत बसलंच पाहिजे, जुन्या-नव्या, सैल-घट्ट सगळ्या. अमेरिकेत 1926 पासून सामी ही संस्था ही मापं ठरवते. काडतुसाचं माप साधारणपणे चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, मापाहून लहान ठेवावं लागतं, त्यामुळे बहुतेक रायफलींत ते किंचित सैल बसतं. घरी भरणाऱ्याला जगातल्या सगळ्या रायफलींची काळजी नसते. त्याची एकच रायफल, एकच नळी.

आणि त्या नळीचं माप त्याला आयतं मिळतं. गोळी सुटते तेव्हा चेंबरमधला दाब वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींच्या आसपास जातो. पुंगळीचं पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि क्षणात केसभर आकसतं. बाहेर पडलेली पुंगळी म्हणजे त्या एका चेंबरचा साचा. जाणकार माणूस ती पुन्हा भरताना तिचा खांदा, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तो उतार, फक्त इंचाचे एक-दोन सहस्रांश मागे ढकलतो, बोल्ट विनासायास बंद व्हावा एवढंच.

गोळी मात्र तो बहुधा स्वतः बनवत नाही. फेडरल कंपनीच्या ‘गोल्ड मेडल मॅच’ या नावाजलेल्या काडतुसात सिएरा कंपनीची मॅचकिंग गोळी असते, आणि तीच मॅचकिंग डब्यांतून सुटीही विकत मिळते. कारखाना आणि गॅरेज, दोघांची गोळी एकच. खरं कसब पुंगळीत आहे, तेही गोळीला धरून ठेवणाऱ्या तिच्या मानेत.

पुंगळीचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. हा मिश्रधातू ठोकला, ताणला, दाबला की कडक होत जातो. दर वेळी मान फुगते, पुन्हा दाबली जाते, आणि गोळीवरची तिची पकड बदलत राहते. एका पुंगळीने गोळी घट्ट धरली, दुसरीने सैल, की दोन्ही गोळ्यांचा वेग वेगळा. म्हणून मान तापवून पुन्हा मऊ करतात.

हे मान तापवणं किती गरजेचं आहे, याचा एक धडा आपल्याच देशात मिळाला होता. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या सैन्याची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. कोणी हात लावलेला नाही, आणि मानेपाशी भेगा. पावसाळ्यात ती तबेल्यांत ठेवलेली असत. पुढे 1921 मध्ये उलगडा झाला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा यांनी पितळावर हल्ला केला होता, पण भेग पडायला कारण होता घडणीच्या वेळी पितळात अडकून राहिलेला ताण. तापवून तो ताण घालवला की भेगा बंद. लष्करी काडतुसांच्या मानेवर आजही जो निळसर-तपकिरी डाग दिसतो, तो त्या तापवण्याचाच.

मग दारू. ती मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. हौशी मंडळी ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात, काही तर दाणा-दाणा मोजून. हा अट्टहास कुठे कामाला येतो आणि कुठे वाया जातो, ते गणित पाहण्यासारखं आहे. .308 मापाची गोळी शंभर यार्ड जाते तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे सात सेंटिमीटर खाली ओढतं. वेगात एक टक्का फरक पडला तर हे पडणं मिलिमीटर-दीड मिलिमीटरने बदलेल, बस. पण हजार यार्डांवर तीच गोळी दहा मीटरहून जास्त खाली येते. तिथे तोच एक टक्का पाव मीटरच्या घरात जातो, आणि हजार यार्डांच्या निशाणातलं दहाचं वर्तुळ असतं वीस इंच व्यासाचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पाव मीटरच! म्हणून लांब पल्ल्याचा नेमबाज तराजूशी भांडतो. शंभर यार्डांचे बरेच बेंचरेस्टवाले मात्र सरळ माप भरून दारू ओततात, वजन करतच नाहीत. जगातले सर्वांत लहान ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, करणारे लोक दारू तोलत नाहीत, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा विश्वास बसत नाही.

त्यांचा जीव गोळीत अडकलेला असतो. नळीतल्या पेचदार खाचांमुळे .308 ची गोळी मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे या वेगाने फिरत बाहेर पडते. इतक्या गरगरण्यात तिचा गुरुत्वमध्य मधल्या अक्षापासून किंचित जरी सरकलेला असला, तरी नळीचं तोंड सुटताक्षणी ती आडवी फेकली जाते. म्हणून तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण सगळीकडे सारख्या जाडीचं हवं, आणि गोळी पुंगळीत तिरकी बसायला नको. किती खोल बसवायची, म्हणजे सुटल्यावर तिने खाचांपर्यंत केवढी उडी मारायची, हेही ज्याच्या-त्याच्या नळीप्रमाणे ठरवावं लागतं.

इथेच माणूस स्वतःला फसवतोही. तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही एकमेकींना चिकटल्या, ‘सापडलं!’ म्हणून वहीत नोंद. पण संख्याशास्त्र निर्दय असतं. रायफल तीच, काडतुसं तीच, तरी दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने साधारण 1.6 पट मोठा येणारच. तीन-तीन गोळ्यांचे पुरेसे ग्रुप मारले की एखादा निव्वळ योगायोगाने देखणा निघतो. घरी शोधलेल्या पुष्कळशा ‘जादुई’ मापांचं रहस्य एवढंच असावं, असं माझं मत आहे. कारखान्याचं चांगलं मॅच काडतूस आणि घरी मन लावून भरलेलं काडतूस यांतला खरा फरक छंदिष्टांच्या फुशारकीपेक्षा लहान असतो. मात्र तो असतो.

आपल्याकडे हा छंद वाढण्याचा प्रश्न नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. शिवाय आपले नेमबाज ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफलने खेळतात, तिचं .22 काडतूस घरी भरताच येत नाही. त्यात वेगळा प्रायमर नसतो. स्फोटक लेप पुंगळीच्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो, फायरिंग पिन ती कड चेपते आणि पुंगळीचं आयुष्य संपतं. मग नळीला साजेसं काडतूस मिळवायचं कसं? इथे काम उलटं चालतं. लापुआ किंवा इंग्लंडमधली इले यांच्यासारखे काडतुसांचे कारखाने नेमबाजाची रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं तिच्यातून झाडून पाहतात. एकाच यंत्रावरचे, एकाच नावाचे लॉट, पण एक नळी त्यातला एखादाच पसंत करते. जो पसंत पडला, त्याचे खोके नेमबाज साठवून ठेवतो. 50 मीटरच्या निशाणातलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात 451.4 गुणांनी कांस्यपदक जिंकलं.