उदयनगरच्या सिस्टर राणी मारिया

देवास म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन संस्थाने आणि कुमार गंधर्वांचे वास्तव्य उभे राहते. परंतु त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, जेथे माळव्याचे पठार संपून विंध्याचे डोंगर नर्मदेकडे उतरू लागतात, तेथील उदयनगरात केरळातून आलेल्या एका ख्रिस्ती धर्मभगिनीने अवघ्या तीन वर्षांत जे कार्य केले, त्याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेलेली नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

एर्नाकुलम जिल्ह्यातील पुल्लुवळी या खेड्यात २९ जानेवारी १९५४ रोजी जन्मलेल्या मरियम वट्टालिल १९७४ साली फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची व्रते घेऊन सिस्टर राणी मारिया झाल्या, आणि बिजनौर व सतना येथील सेवेनंतर मे १९९२ मध्ये उदयनगरास आल्या.

तेथे त्यांची गाठ सावकारीशी पडली, आणि सावकारीची रीत सर्वत्र सारखीच आहे. बियाण्यासाठी वा आजारपणासाठी काढलेल्या कर्जाच्या दस्तऐवजावर निरक्षर कुळाने अंगठा उठवावा, व्याजाने मुद्दलास मागे टाकावे, आणि अखेरीस खळ्यावरचे धान्यच नव्हे तर जमीनही सावकाराच्या कब्जात जावी, या चक्रात तेथील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या पिळून निघत होते. अशा ठिकाणी भुकेल्यास अन्न आणि रोग्यास औषध देऊन थांबणाऱ्या सेवेस कोणाचीच हरकत नसते. राणी मारिया मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. स्त्री-पुरुषांचे बचत गट बांधावेत, सरकारी योजनांत आपला हक्क कोणता हे त्यांना समजावून द्यावे, अर्ज लिहवून घ्यावेत आणि बँकेचे कर्ज थेट त्यांच्या हाती पडावे अशी तजवीज करावी, हा त्यांचा मार्ग होता. दिसावयास हे काम कारकुनी, आणि धर्मकार्य म्हणून त्याचे वर्णन कोणी सहसा करीत नाही; परंतु माझ्या मते त्यांच्या सेवेचे मर्म या कागदपत्रांतच होते, कारण सावकाराची सारी सत्ता ऋणकोच्या अज्ञानावर उभी असते, आणि तिच्या मुळाशीच त्यांनी हात घातला होता.

त्याचा सूड घेतला गेला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, उतारूंच्या डोळ्यांदेखत, एका तरुणाने त्यांच्यावर पन्नासाहून अधिक वार केले. त्या वेळी त्या ४१ वर्षांच्या होत्या. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे कॅथोलिक चर्चने त्यांना हुतात्मा म्हणून ‘धन्य’ घोषित केले. त्यांच्याविषयीचे बहुतेक लेखन या मृत्यूभोवतीच फिरते. हुतात्म्याच्या स्मरणात ते स्वाभाविकच, पण त्यामुळे बचत गटांची ती तीन वर्षे झाकली जातात.

मारेकऱ्यास जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी हीही त्याच संघाची धर्मभगिनी; तिने २००२ साली तुरुंगात जाऊन त्यास राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेच्या अर्जास वट्टालिल कुटुंबाने संमती दिली, तो २००६ साली मुक्त झाला, आणि पुल्लुवळीस जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांसमोर उभा राहिला. त्या वृद्ध मातेने त्याला घरात घेतले.