पोटरीचं माप

रोज रात्री मी दोन्ही पोटऱ्या शिंप्याच्या टेपने मोजते आणि आकडे जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहिते. उजवी ३४ सेंटिमीटर. डावी ३५, शाळेत सलग तास उभ्याने घेतले की ३६.

दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडले. डावा पाय दीड महिना प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं आणि आठवड्यात पाय मांडीपर्यंत सुजला. डॉपलर सोनोग्राफीत शिरेत जांघेपर्यंत रक्ताची गुठळी दिसली. गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. पण मला पुढचं विचारायचं होतं. या पायाचं काय होणार?

डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "बाई, आज नाही सांगता येणार. महिन्याने या, तेव्हा पाय स्वतःच बरंच सांगेल."

शिरेत रक्ताला वरच जाऊ देणाऱ्या नाजूक झडपा असतात. गुठळी विरघळली तरी त्या जायबंदी होऊ शकतात. मग उभं राहिलं की रक्ताचा सगळा भार घोट्यावर येतो. पाणी झिरपून सूज येते. तांबड्या पेशी झिरपतात, आणि त्यांतल्या लोहाने घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी पडते. पुढे तिथेच चिघळणारी जखम होऊ शकते. पायात अशी गुठळी झालेल्या शंभरांपैकी वीस ते पन्नास जणांना काही ना काही त्रास मागे उरतो, बहुधा पहिल्या दोन वर्षांत. गंभीर त्रास पाच-दहा जणांना.

महिन्याने त्याने माझ्या पायाला चक्क गुण दिले. दुखणं, गोळे, जडपणा, मुंग्या, खाज हे मी सांगायचं. सूज, कातडीचा रंग आणि कडकपणा, लाली, फुगलेल्या शिरा, पोटरी दाबल्यावरची कळ हे त्याने बघायचं. प्रत्येकाला ० ते ३. या मोजणीला व्हिलाल्टा म्हणतात. पाचपासून पुढे आजार धरतात, पंधरापासून गंभीर. मला सात मिळाले. आयुष्यात पहिल्यांदाच कमी गुण हवेसे वाटले. महिन्यानंतरही त्रास टिकला असेल तर तो पुढेही राहण्याची शक्यता बरीच, हे त्याने लपवलं नाही. गुठळी जांघेत किंवा त्याहून वर असणं, वजन जास्त असणं, त्याच पायात पुन्हा गुठळी होणं, यांनीही पारडं जड होतं.

यातलं माझ्या हातात काय? गोळ्या. माझ्या गोळ्या वॉरफॅरिनच्या; त्या घेताना आयएनआर, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं ते सांगणारा तपासणीचा आकडा, २ ते ३ लागतो. पहिल्या तीन महिन्यांत तो वारंवार खाली राहिला तर पायाला पुढे भोगावं लागतं. एकदा माझा १.६ आला, त्याच दुपारी एसटीने जाऊन डोस बदलून आणला.

घट्ट मोज्यांवर माझी फार भिस्त होती. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडा-अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत खरे आणि दिसायला तसेच पण दाब नसलेले मोजे दोन वर्षं दिले, तर फरक पडला नाही. तरी सूज उतरते म्हणून मी ते शाळेत घालते.

परवा पुन्हा गुण मोजले. सहा. जडपणा ओसरला आहे. घोट्याजवळ मात्र रुपयाएवढा तपकिरी डाग आहे. त्याचंही माप आता मी वहीत लिहिते.