किचन राहू द्या, आधी ओल बघा

"ताई, फ्लॅट विकायचाय. त्याआधी किचन नवीन करून घेतो, म्हणजे पाच-सहा लाख वर मिळतील ना?"

कोथरूड, कर्वेनगर, डहाणूकर कॉलनी या पट्ट्यात जुन्या फ्लॅटची खरेदी-विक्री जमवून देणं हा माझा धंदा. हा प्रश्न मला ठरलेला असतो. मी उलट विचारते, "काका, बेडरूममध्ये कपाटामागे ओल आलीये, तिचं काय?" तर उत्तर येतं, "ती होय! तिच्यावर पुट्टी मारून देऊ."

गोम नेमकी इथेच आहे. गिऱ्हाइकाच्या मनातला संशय काढायला जो खर्च होतो, तो बहुधा वसूल होतो. आपली आवड दाखवायला जो होतो, तो बहुधा बुडतो. असं का, ते समजायला गिऱ्हाइकाचा खिसा समजून घ्यावा लागतो.

समजा, फ्लॅट 90 लाखांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के रक्कम देते, म्हणजे इथे 72 लाख. उरलेले 18 लाख गिऱ्हाइकाचे. त्यावर पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, म्हणजे 6 लाख 30 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. या दोन्हींना कर्ज मिळत नाही. तेव्हा माझी दलाली, ट्रान्सफर फी आणि टेम्पोचं भाडं सोडूनच 24 लाख 60 हजार रोख लागतात. नोकरी करणाऱ्या जोडप्याचे साठवलेले पैसे, मोडलेल्या एफडी आणि आई-वडिलांची मदत, सगळं त्यात जातं.

आता काकांनी सहा लाखांचं मॉड्युलर किचन बसवलं आणि 96 लाख मागितले. बँकेचा व्हॅल्युअर येतो, टेप लावतो, फोटो काढतो, इमारतीचं वय, चटई क्षेत्र आणि मंजूर नकाशा पाहतो. सॉफ्ट-क्लोज ड्रॉवर उघडून पाहणारा व्हॅल्युअर मी अजून पाहिला नाही. त्याने 90 लाखच लिहिले, तर बँक दोन आकड्यांतला कमी आकडा धरते आणि कर्ज 72 लाखांवरच थांबतं. वरचे सहा लाख आणि त्यांवरची 42 हजारांची ड्युटी गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणार. म्हणजे 31 लाखांच्या वर रोख. एवढे पैसे असते तर त्यांनी मोठाच फ्लॅट पाहिला असता. आणि ज्यांच्याकडे असतात, त्यांना किचन स्वतःच्या पसंतीचं हवं असतं. तुमचं चकचकीत लाल लॅमिनेट पाहून त्या बाई मनातल्या मनात ते उचकटत असतात.

याच हिशोबाची दुसरी बाजू ओलीची आहे. राहायला गेल्याबरोबर भिंत फोडावी लागेल अशी शंका आली की माणूस बिचकतो, कारण त्यासाठी हातात पैसाच उरलेला नसतो. मग तो दुरुस्तीचा अंदाज दुप्पट-तिप्पट करून भाव पाडतो, किंवा "घरी विचारून सांगतो" म्हणून जातो तो जातोच. शिवाय फ्लॅट बघायला सोबत वडील किंवा सासरे असतात. ते भिंतीवर तळहात ठेवून बघतात, फरशीवर चावीने टकटक करून पोकळ आवाज ऐकतात, बाथरूममध्ये वर मान करतात. यांच्यापासून पुट्टी काही लपवू शकत नाही.

ओलीचं काम क्रमाने करावं लागतं आणि क्रम बदलला की पैसे पाण्यात. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. वरच्यांच्या बाथरूमखाली डाग असेल तर बहुधा नहाणी ट्रॅप, कमोडचा जोड किंवा फरशीच्या फटी. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यातच ओल येत असेल तर प्लास्टरच्या भेगा किंवा बाहेरचा पाइप. बारा महिने ओल असेल तर भिंतीतली पाण्याची लाइन. पाणी थांबलं की खराब प्लास्टर विटेपर्यंत काढायचं, भिंत वाळू द्यायची आणि मगच नवं प्लास्टर, पुट्टी, रंग. ओल्या भिंतीत क्षार असतात. पाणी उडून जाताना ते पृष्ठभागावर येतात आणि रंगाला ढकलून बाहेर काढतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. म्हणून हे काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करावं. ऑगस्टमध्ये रंगवलेला कोपरा दसऱ्यापर्यंत फुगतो आणि तेवढ्यात गिऱ्हाईक येतं.

स्लॅबचे पोपडे ही वेगळी आणि जास्त गंभीर गोष्ट. काँक्रीटमधली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. गंजलेली सळई साफ करून, तिला गंजरोधक लावून, दुरुस्तीचा मसाला भरणं हे स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सल्ल्याने करायचं काम आहे. रंगाऱ्याच्या भरवशावर सोडू नका.

खर्च कोणी करायचा, हा वाद प्रत्येक इमारतीत असतो. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाचं पाणी, बाहेरची सामाईक पाइपलाइन आणि ड्रेनेज यांमुळे होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. गच्चीतून गळून वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममुळे गळत असेल तर तो दोन सभासदांमधला मामला. सोसायटीला लेखी अर्ज आजच द्या. कमिटीची सभा, कोटेशन, ठराव यात महिने जातात.

ओल सोडली तर बाकीची यादी छोटी आहे. गळणारे नळ, न भरणारी फ्लशची टाकी, कमोडची पिवळी सीट, न लागणारे दरवाजे, तुटके स्विच. या प्रत्येकाचा खर्च किरकोळ, पण पाहणाऱ्याच्या मनात बेरीज होत जाते. मुख्य बोर्डात अजून चिनी मातीचे फ्यूज असतील तर एमसीबी बसवून घ्या, आणि जमलं तर गळती-करंट तोडणारा आरसीसीबीसुद्धा. बाथरूमच्या टाइल शाबूत असतील तर त्या बदलू नका, नुसत्या फटी खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा. मग सगळीकडे एकच फिकट रंग. गुलाबी बेडरूम आणि पोपटी हॉल तुम्हाला प्रिय असेल, पण विकताना तो आडवा येतो.

जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवून द्यायला कारागीर तयार असतात. त्याने दारं खालून कापावी लागतात, बाथरूमचा उंबरा खुजा होतो आणि स्लॅबवर वजन चढतं. मोझॅक पॉलिश करून घेतलं तर पुष्कळदा पुरतं. हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत काढायची कल्पना तर डोक्यातून काढूनच टाका. जुन्या लोड-बेअरिंग इमारतीत त्या भिंतीवर वरचे मजले उभे असतात. आरसीसी सांगाड्यातसुद्धा महापालिकेची परवानगी लागते. बाल्कनी आत घेऊन खोली वाढवली असेल, तर व्हॅल्युअर ती मंजूर नकाशाशी ताडून पाहतो. नवी काही भर घालण्यापेक्षा नकाशाची प्रत आणि भोगवटापत्र शोधून ठेवा. त्याने व्यवहार जितका लवकर होतो, तितका फॉल्स सीलिंगने होत नाही.

या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा असतो: इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार आहे का? आमच्या भागात लिफ्ट नसलेल्या, तीन मजली, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या इमारती भराभर बिल्डरकडे जाताहेत. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे सोसायटीच्या एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची लेखी संमती पुरते. चर्चा पुढे गेली असेल तर घेणारा पुढच्या नव्या फ्लॅटचे पैसे मोजतोय, सध्याच्या भिंतींचे नाही. तिथे मी रंगसुद्धा काढू देत नाही. मागे एका मालकांना मी बजावलं होतं, तरी त्यांनी बाथरूमला इटालियन मार्बल लावलं. गिऱ्हाइकाने पाहिलंही नाही. त्याने विचारलं ते जादा किती स्क्वेअर फूट मिळणार एवढंच.

दुरुस्ती करायला वेळ किंवा पैसा नसेल तर तसाच विका, पण कंत्राटदाराचं लेखी कोटेशन हाताशी ठेवा. आकडा नसला की समोरचा स्वतःचा आकडा लावतो आणि तो कधीच छोटा नसतो. दोष आपण आधी दाखवला, तर वजावट कोटेशनभोवतीच फिरते.

कामाची बिलं जपा आणि पैसे बँकेतून द्या. फ्लॅट 24 महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. त्यावर 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के कर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला निवासी भारतीय व्यक्ती महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा जुना हिशोबही करून पाहू शकते आणि कमी पडेल तो कर भरू शकते. घरात कायमची भर घालणाऱ्या कामाचा खर्च नफ्यातून वजा मागता येतो, रंग आणि किरकोळ डागडुजी सहसा नाही. कुठलं बिल कशात बसतं, ते काम सुरू करण्याआधी सीएला विचारून घ्या. मिस्त्री "रोख द्या, थोडं कमी करतो" म्हणेल तेव्हा ते उत्तर तयार असलेलं बरं.