रेघ कसली, ते आधी सांगा

एखाद्या संस्थेचा आराखडा काढायला, म्हणजे हल्लीच्या भाषेत एंटरप्राइज आर्किटेक्चर मांडायला बसले, की बहुतेक जण चौकोनांतच रमतात. माणसे, कामे, यंत्रे, दप्तरे, ज्याला त्याला एक चौकोन. मग दोन चौकोनांमध्ये रेघ ओढली की झाले! पण ती रेघ कसली, हे कोणी विचारीत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे.

आपले उमरोळीचे स्टेशन घ्या. पालघर आणि बोईसर यांच्या मधले. २८ मे २०२४ रोजी संध्याकाळी पालघर स्टेशनात पोलादाची वेटोळी नेणाऱ्या मालगाडीचे डबे घसरले आणि डहाणू–विरार लोकल बंद पडल्या. उमरोळीत काय मोडले होते? काहीच नाही. फलाट जागेवर, तिकीट-खिडकी जागेवर. तरी विरारला निघालेला माणूस अडकलाच. चौकोन सगळे शाबूत, तुटली ती रेघ.

या रेघांचे प्रकार आर्किमेट नावाच्या चित्रभाषेने ठरवून दिले आहेत. ही भाषा २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समध्ये घडली, पुढे ओपन ग्रुप या संस्थेकडे गेली. तिच्यात अकरा संबंध आहेत. सगळे सांगत बसत नाही.

फलाट हा स्टेशनाचा अंश. स्टेशन गेले तर उमरोळीचा फलाट म्हणून काही उरत नाही. हा अंगभूत संबंध. पण स्टेशन स्वतः विरार–डहाणू लोकलच्या पट्ट्यातही मोडते आणि मुंबई–अहमदाबाद मुख्य मार्गावरही. एकाच वेळी दोन घरचा पाहुणा! तेव्हा हा नुसता समूहाचा संबंध. खिडकीवर कारकून बसतो, ती नेमणूक. सिग्नल मिळाला की गाडी सुटते, ती चालना. गाडी सुटल्याची खबर पुढच्या स्टेशनाला जाते, तो प्रवाह. लोकल हा गाडीचा एक प्रकार, हे तर शाळकरी पोरही सांगेल.

वर्गात मुले हमखास चुकतात ती सेवेच्या रेघेशी. कारखाना लोकलवर अवलंबून, म्हणून बाण कारखान्याकडून लोकलकडे काढतात. उलटे! सेवा देणाऱ्याकडून बाण निघायचा, घेणाऱ्याकडे त्याचे टोक. पूर्वी या संबंधाचे नावच ‘वापरले जाणे’ अशा अर्थाचे होते. २०१६च्या तिसऱ्या आवृत्तीत ते ‘सेवा देणे’ झाले. बाणाची दिशा मात्र तीच राहिली.

‘काहीतरी संबंध आहे’ एवढेच सांगणारी साधी रेघही या भाषेत आहे. नक्की ठाऊक नसेल तेव्हा ती चालते. पण आळसाने सगळीकडे तीच ओढली, तर त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी बोईसरच्या एखाद्या कारखानदाराला कागद पाहून काय कळले असते? बाण नीट काढलेले असतील तर बोट फिरवून पाहा. पालघरचा रूळ लोकलला सेवा देतो, लोकल कामगाराला, कामगाराची नेमणूक रात्रपाळीवर. आणि बोट जाऊन थांबते ते रात्री दहाला सुरू व्हायच्या यंत्रापाशी.