चाकाचा नट आणि कसणारा हात

गेल्या पौषात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा चार दिवसांवर येऊन ठेपली असताना, अक्कलकोटास स्वामींचे दर्शन घेऊन आम्ही सहकुटुंब सोलापूरकडे परतत होतो. साखर कारखान्यांचे गाळप ऐन भरात असल्यामुळे उसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर अखंड चालली होती, आणि त्यांपैकी एकीला वाट देण्यासाठी गाडी कडेला घेतली तोच, वळसंगच्या अलीकडे, डावे मागले चाक बसले. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, पाना होता. सारा सरंजाम यथासांग असल्यामुळे पंधरा मिनिटांत काम उरकेल असा माझा अदमास होता. चारपैकी तीन नट कुरकुरत का होईना सुटले. चौथा मात्र हलेना. पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभा राहिलो, मुलानेही आपला भार घातला, तेव्हा पाना सटकला, नटाचे कोपरे झिजले आणि माझ्या बोटांची साल निघाली.

जवळच्या पंक्चरच्या टपरीतून एक वृद्ध मिस्त्री आले. तरुणपणी सोलापूरच्या एका गिरणीत फिटरच्या हाताखाली उमेदवारी केलेला हा गृहस्थ नटाकडे क्षणभर न्याहाळून पाहत राहिला, मग माझ्या हातातला पाना हळूच काढून घेत म्हणाला, "जोर कशाला लावायलाव सर? गंजाला जोर कळत न्हाई, त्येला येळ द्यावा लागतो." पुढच्या तासाभरात तो नट सुटला, आणि त्या तासाने जे शिकवले ते, सोलापुरातच काय, महाराष्ट्रातल्या कोणत्याही रस्त्यावर आज ना उद्या अशाच हवालदिल अवस्थेत उभे राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्या सर्वांच्या उपयोगी पडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

आपण बेलाशक मराठी समजून वापरतो तो 'स्टेपनी' हा शब्द मूळचा वेल्समधील लानेथ्ली या गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा आहे. प्रारंभीच्या मोटारींबरोबर जादा चाक नसे. टायर फुटला की रस्त्याच्या कडेला बसून तो तिथेच दुरुस्त करावा लागे. त्या रस्त्यावर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास आऱ्यांवाचूनचे, बसलेल्या चाकाच्या धावेवर चापांनी पकडून घट्ट करायचे एक जादा चाक विक्रीस आणले, आणि रस्त्याचे नाव त्या वस्तूला चिकटून ते हिंदुस्थानच्या गावोगावी पोचले. पुढे संपूर्ण चाकच उतरवून दुसरे चढवण्याची सोय झाली, आणि चाक व गाडी यांच्यामधला सारा करार चार-पाच नटांच्या स्वाधीन झाला.

हा करार कसा पाळला जातो ते समजल्याशिवाय नट का अडतो हे समजत नाही. बहुतेक लहान मोटारींच्या हबवर १२ मिलीमीटर जाडीचे स्टड असतात, आणि त्यांवर बसणाऱ्या नटाला १९ किंवा २१ मिलीमीटरचा पाना लागतो. नट एक पूर्ण फेरा फिरला की सामान्यतः सव्वा ते दीड मिलीमीटर एवढाच पुढे सरकतो. म्हणजे हाताचे मोठे फिरणे आट्यांच्या द्वारे अत्यंत अल्प सरकण्यात रूपांतरित होते आणि त्या प्रमाणात बळ वाढते. नट किती पिळाने कसावा, ज्याला कारखान्यात टॉर्क म्हणतात, त्याचे माप लहान गाड्यांसाठी साधारणतः ८५ ते १२० न्यूटन-मीटर असते. अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर २० किलोंचा भार टाकला तर सुमारे १०० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. एवढ्या पिळाने एकेक स्टड जवळजवळ चार टनांच्या ओढीने ताणला जातो, रबराच्या पट्ट्याप्रमाणे किंचित लांबतो, आणि मूळ लांबीस परतण्याच्या त्याच्या या धडपडीनेच चाक हबवर दाबून धरले जाते. मात्र आपण लावलेल्या पिळाचा सुमारे दशांशच या दाबण्याच्या कामी येतो. बाकीचे नऊ अंश नटाच्या बुडाशी आणि आट्यांमध्ये होणाऱ्या घर्षणात खर्च होतात. नट सुटताना आड येते ते हेच घर्षण, आणि गंज चढला की ते कितीतरी पटींनी वाढते.

सोलापूरची हवा कोरडी. कोकणासारखे खारे वारे येथे नाहीत, आणि पाऊसही बेताचाच. असे असता येथील नट का गंजावेत, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी आपल्या अंगणातच आहे. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या या शहरात गाडी धुण्यासाठी बोअरचे जड, क्षारयुक्त पाणी वापरण्याचा शिरस्ता पडला आहे. ते पाणी चाकाच्या खोबणीत, नटाभोवती साचते, उन्हाने आटते आणि क्षार मागे ठेवून जाते. हे क्षार लोखंडाचे गंजणे वेगाने वाढवतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत तो तयार झाला की पाचर ठोकल्यासारखा नटाला आवळून धरतो. अ‍ॅलॉयच्या चाकांत अॅल्युमिनियम व पोलाद हे दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना भिडतात, त्यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते, आणि अॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी सांध्यात भरते. नट सुटूनही चाक हबवरून न निघण्याचे कारण बहुधा हेच असते.

पण या नैसर्गिक कारणांहून अधिक दोष मनुष्याच्या हाताचा असतो. हवेच्या दाबावर चालणारी गन क्षणार्धात नट कसते, आणि तिचा वापर करणाऱ्याने हयगय केली तर ठरलेल्या मापाच्या दुप्पट-तिप्पट पीळ सहज बसतो. गाडीबरोबर मिळणारा पाना जेमतेम वीतभर ते फूटभर लांबीचा. त्याने तो नट उघडावयाचा म्हणजे एका माणसाने आपल्या वजनाहून अधिक जोर लावला पाहिजे. माझ्या गाडीचे टायर वर्षापूर्वी जेथे बदलले तेथेही गनच चालली होती. वर्षभर बोअरचे पाणी त्या नटावर पडत राहिले, आणि वळसंगच्या रस्त्यावर आलेला प्रसंग या दोहोंचे संयुक्त फळ होते.

आता उपायांकडे वळू. नट ढिले करावयाचे ते चाक जमिनीवर टेकलेले असतानाच. गाडी जॅकवर चढवून मग जोर लावला तर चाक फिरते, जॅक कलंडतो आणि जिवावर बेतते. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, समोरच्या कोपऱ्यातील चाकाच्या पुढेमागे दगड लावावेत, आणि कोणत्याही कारणाने गाडीखाली अंग घालू नये. बहुतेक सर्व मोटारींचे नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतात; कित्येक जुन्या मालमोटारींच्या डाव्या चाकांना मात्र डावे आटे असत, म्हणून जुन्या वाहनाला हात लावण्यापूर्वी दिशेची खात्री करून घ्यावी.

मिस्त्रींनी प्रथम तारेच्या ब्रशाने स्टडचे उघडे आटे खरवडून साफ केले, मग नटाच्या मुळाशी गंज सोडवणारे पातळ तेल सोडले. हे तेल आत ओढले जाते ते कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते त्याच न्यायाने: फट जितकी अरुंद तितकी ओढ अधिक, पण गती मंद. म्हणून तेल टाकताच पाना लावणे म्हणजे ते वाया घालवणे होय. निदान वीस मिनिटांची मुदत द्यावी, घरी असल्यास रात्रभर द्यावी. फवाऱ्याच्या डब्यातून मिळणारे डब्ल्यूडी-४० आज घराघरांत आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे पाणी दूर सारून गंज रोखणारे द्रव्य शोधत असताना चाळिसाव्या प्रयत्नात ते साधले, आणि ती चाळिशी त्याच्या नावात राहिली. मात्र कोणतेही तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रमच्या आत उडणार नाही, याची खबरदारी घेतलीच पाहिजे.

तेल मुरत असताना त्यांनी नटाच्या माथ्यावर हातोडीचे हलके, सरळ ठोके दिले. या कंपनाने गंजाचे ठिसूळ कवच तडकते आणि तेलाला नवी वाट मिळते. त्यानंतर नट प्रथम सोडवण्याऐवजी त्यांनी तो अगदी किंचित, जेमतेम जाणवेल इतका कसला; गंजाची पकड कोणत्याही दिशेच्या हालचालीने मोडते, आणि एकदा ती मोडली की उलट फिरणे सुकर होते. माझ्या झिजलेल्या नटासाठी त्यांनी नेहमीच्या गोटीपेक्षा (सॉकेटपेक्षा) किंचित लहान मापाची, सहा कोनांची गोटी हातोडीने ठोकून बसवली, दांड्यावर हातभर पाईप चढवला, आणि झटका न देता एकसारखा, वाढता दाब दिला. दांड्याची लांबी दुप्पट झाली की लागणारा जोर निम्मा होतो. एक करकर आवाज झाला, आणि नट फिरला. पाव फेरा सोडायचा, पुन्हा किंचित कसायचा, तेल सोडायचे, पुन्हा अर्धा फेरा, असे करत त्यांनी तो आटे शाबूत ठेवून बाहेर काढला.

याने न भागल्यास उष्णतेचा इलाज आहे. पोलादाची एक मीटर लांबी १०० अंश तापली की सुमारे १.२ मिलीमीटर वाढते. नट तापून स्टड त्या मानाने थंड राहिला तर नट केसाएवढा सैलावतो आणि गंजाचा बंध तुटतो. परंतु टायर लावलेल्या चाकावर गॅसची ज्योत रस्त्यावर कोणीही वापरू नये. आतली हवा तापून, रबराचे विघटन होऊन टायर स्फोट पावल्याने माणसे दगावली आहेत, आणि अ‍ॅलॉयचे चाक तापाने आपले बळ गमावते. नटाचे कोपरे पूर्ण गेले असतील तर नट छन्नीने फोडणे, किंवा त्यावर दुसरा नट वेल्ड करून तो फिरवणे, ही कामे जाणत्या कारागिराची आहेत. स्टड तुटलाच तर तो बदलता येतो. घाईने बोट किंवा डोळा गमावला तर तो बदलता येत नाही. सर्व नट निघूनही चाक हबला चिकटून राहिले, तर गाडी जॅकवर असताना खालून घण मारू नये; नट पुन्हा लावून, दोन आटे सैल ठेवून, गाडी खाली घेऊन हळूच पुढेमागे हलवली की गाडीच्या भारानेच चाक सुटते.

मिस्त्रींचे काम पाहताना मला आमच्या शहराचा पूर्वेतिहास आठवत होता. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि तेव्हापासून मराठी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्या कामगारांच्या पिढ्या चात्या, माग आणि बॉयलर यांच्या सहवासात लोखंडाचा स्वभाव ओळखण्यास शिकल्या. चादरीचा माग चालवणाऱ्या घरात आजही नट किती कसावा याचे तारतम्य मुलाला बापाकडून मिळते. आणि १९९२ साली येथे स्थापन झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या कारखान्यातून मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट देशोदेशी जातात, त्यामागे या जुन्या उमेदवारीचा वारसा आहे, असे मी मानतो. टपरीतल्या त्या मिस्त्रींच्या मनगटात ते तारतम्य जिवंत होते.

त्याचा प्रत्यय चाक चढवताना आला. त्यांनी स्टडवरचे तेल फडक्याने निपटून पुसले. मी कारण विचारले असता त्यांनी सांगितले ते शास्त्रास धरूनच होते: ओल्या आट्यांवर घर्षण घटते, तोच पीळ लावूनही स्टड अधिक ताणला जातो, आणि तुटण्याची भीती वाढते. ग्रीसचा हलका हात त्यांनी फक्त हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर फिरवला. झिजलेल्या नटाऐवजी आपल्या डब्यातला त्याच मापाचा दुसरा नट दिला. सर्व नट आधी बोटांनी, आटे सरळ लागल्याची खात्री करत, शेवटपर्यंत फिरवले, मग समोरासमोरच्या जोड्यांनी पान्याने टेकवले. गाडी खाली घेतल्यावर माझ्याच लहान पान्याने, पाईप न लावता, पायाने न दाबता, केवळ हाताच्या जोराने कसले, आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा तपासून घेण्यास बजावले. तेव्हापासून टायरचे काम कोठेही केले तरी अखेरचा पीळ मापाच्या पान्याने, म्हणजे टॉर्क रेंचने, द्यावा असा आग्रह मी धरतो, आणि वर्षातून दोनदा नट सोडवून पुन्हा बसवतो.

नट कसणारा आणि तो सोडवणारा यांची सहसा गाठ पडत नाही. कसणारा कारखान्याच्या दिव्याखाली, हवेच्या यंत्रासह उभा असतो. सोडवणारा कधी अंधारात, पावसात, लेकरांना घेऊन, वीतभर पान्यानिशी रस्त्याच्या कडेला बसलेला असतो. माप पाळून कसलेला नट म्हणजे पहिल्याने दुसऱ्याची न पाहता घेतलेली काळजी होय, आणि अतिरेकाने कसलेला नट म्हणजे त्या अनोळखी माणसावर टाकलेला बोजा होय. निघताना मिस्त्रींनी पाना पुसून माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "आता ह्यो पाना अन् तुमचा हात, एवढ्यावर सुटंल." सहा महिन्यांनी, आषाढाच्या एका सकाळी, मी अंगणात तो पाना त्या नटाला लावला. तो एका हाताने सुटला.