कडक इस्त्री आणि काशीदचा रस्ता

काशीदहून रोज नोकरीला जाणाऱ्याला दोनच दिशा आहेत. उत्तरेला अलिबाग: कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, कोर्ट. दक्षिणेला मुरूड: तहसील, शाळा, बँका. अलिबाग तीसेक किलोमीटर, मुरूड वीसच्या आसपास. एसटी आहे, पण ती चुकली की अर्धा दिवस गेलाच. म्हणून इथे दुचाकी ही चैन नव्हे. ती घेताना मायलेज विचारतात, हप्ता विचारतात. कपड्यांचं काय होईल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. एका बाजूला फणसाडचं जंगल, दुसऱ्या बाजूला समुद्र, पावसाळ्यात तांबडा चिखल आणि बारा महिने खारा वारा. अशा रस्त्यावरून पांढरा सदरा, वकिलाचा कोट किंवा काठाची साडी नीट पोचवायची, तर हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा.

स्कूटर मुळात याच प्रश्नातून घडली. १९४६ साली इटलीत पियाज्जिओ कंपनीसाठी कोर्रादीनो दास्कानिओ यांनी व्हेस्पा आखली. ते विमानं आणि हेलिकॉप्टर बनवणारे इंजिनियर. मोटारसायकल त्यांना आवडत नसे. तेलकट साखळी, उघडं इंजिन, टांग टाकून बसणं हे सगळं त्यांनी काढून टाकलं. इंजिन झाकलं, साखळीच ठेवली नाही, पाय ठेवायला सपाट जागा दिली आणि पुढे गुडघ्यांपर्यंत पत्र्याची ढाल उभी केली. युद्धानंतरच्या इटलीत साध्या माणसाला स्वच्छ कपड्यांत कामावर जाता यावं, एवढा सरळ विचार त्यामागे होता. मला तो फार मोठा वाटतो.

ही गाडी महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली ती बजाजमुळे. आधी आयात, १९६० च्या आसपास परवान्यावर उत्पादन, तो करार संपल्यावर १९७२ मध्ये आकुर्डीचा चेतक. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया निघाली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, काही ठिकाणी तर दहा वर्षं, असा तो काळ. मिळाली की घरात पेढे. डाव्या मुठीत गिअर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, सकाळी गाडी एका अंगाला कलती करून किक मारायची, प्लग काळा झाला की रस्त्यातच साफ करायचा. त्यासाठी डिकीत एक मळका फडका ठरलेला असे. पण कचेरीत उतरलेला माणूस नीटनेटका दिसे. बुटाचं पॉलिशसुद्धा शाबूत राही. मोटारसायकलचा गिअर डाव्या बुटाच्या टोकाची काय दशा करतो, हे रोज ती चालवणाऱ्याला विचारा.

तरीही पुढची दोन दशकं खेड्यापाड्यांत मोटारसायकलनेच जिंकली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, नव्वदीत स्प्लेंडर. कमी पेट्रोल, मोठी चाकं, खड्ड्यांची फिकीर नाही. कोर्लई-बोर्लीच्या वळणांवर ती शहाणपणाची निवड होती, हे मान्यच करायला हवं. किंमत मोजली ती कपड्यांनी. त्यातही मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईच्या साडीने. पदर किंवा निऱ्या मागच्या चाकात अडकणं हा नुसता कपडे खराब होण्याचा मामला नाही, जिवाचा आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण मोटारसायकलला सक्तीचं झालं ते यासाठीच. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. गाडी शोभिवंत दिसावी म्हणून तो काढून टाकणारी मुलं आजही दिसतात, आणि त्यांच्याच मागे त्यांची आई बसलेली असते.

खरा बदल झाला तो बाई मागच्या सीटवरून पुढे आली तेव्हा. १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदियांनी होंडाशी हात मिळवला आणि कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, बटण दाबलं की चालू. नव्वदीत टीव्हीएसची स्कूटी, २००१ मध्ये होंडाची ॲक्टिव्हा. चार स्ट्रोकचं इंजिन असल्यामुळे ॲक्टिव्हात ऑइल मिसळणं गेलं, निळा धूर गेला. शाळेतल्या बाई, नर्स, अंगणवाडी ताई, बँकेतल्या मॅडम यांच्यासाठी या गाडीने जे केलं, त्याची नोंद कुठल्या सरकारी योजनेत सापडणार नाही. साडीच्या निऱ्या सपाट पाटीवर अलगद ठेवता येतात, पर्स हुकला, डबा पायाशी, रेनकोट सीटखाली. कोणाची वाट बघायची नाही, ‘मला तेवढं सोडता का’ म्हणायचं नाही. नोकरी टिकवण्यात पगाराइतकाच वाटा अशा गोष्टींचा असतो. चेतकच्या काळात हे सुख फार थोड्या बायकांच्या वाट्याला आलं, म्हणून जुन्या स्कूटरच्या आठवणी काढून मी फार हळवा होत नाही.

किनाऱ्याने मात्र प्रत्येक गाडीची आपल्या पद्धतीने परीक्षा घेतली. पत्रा मजबूत, पण खाऱ्या हवेत गंज आधी पकडतो तो पाटीवरच्या रबरी मॅटखाली, जिथे ओली वाळू साचून राहते. छोट्या दहा इंची चाकांची स्कूटर खड्ड्यात दणका देते. आता बऱ्याच गाड्यांना पुढे बारा इंची चाक येतं. या रस्त्याला तेच हवं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात सुरूची झाडं आडवी झाली, कित्येक दिवस वीज नव्हती. जुलै २०२१ च्या पावसात काशीदजवळचा जुना पूल कोसळला आणि एका मोटारसायकलस्वाराचा जीव गेला. रस्ताच असा असेल, तर चांगली गाडी निवडून माणूस किती सांभाळणार?

२०२० मध्ये चेतक हे नाव विजेवरच्या स्कूटरला मिळालं. ना तेल, ना धूर, ना किक. कपड्यांच्या दृष्टीने याहून स्वच्छ वाहन झालेलं नाही. मुरूडला जाऊन येणाऱ्याने ती जरूर बघावी. रोज अलिबाग करणाऱ्याने जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या वर किती चार्ज उरतो आणि पावसाळ्यात घरची वीज किती जाते, याचा हिशोब आधी करावा.

माझं मत विचाराल तर या रस्त्याला सपाट पाटीची, रुंद ढालीची, पुढे बारा इंची चाकाची स्कूटर घ्यावी. पुढच्या मडगार्डला खालपर्यंत रबर लावून घ्यावं, पावसाळ्यात दर रविवारी मॅट उचलून गोड्या पाण्याने पाटी धुवावी, हेल्मेट घरी ठेवू नये. आणि शोरूममध्ये जीन्स घालून जाऊ नका. सोमवारी ज्या कपड्यांत कामावर जाता, साडी असेल तर साडीत, त्याच कपड्यांत गाडीवर बसून बघा, एक चक्कर मारा, आणि मगच पैसे भरा.